लिंबाखालचं टेबल

जेसीबीची बकेट बुंध्याला घासून गेली तेव्हा आवाज फार मोठा झाला नाही. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. जाड तरट फाडल्यासारखं काहीतरी ऐकू आलं आणि पाठोपाठ इस्त्रीवाल्या मामांची हाक. "ताई, बाहेर या हो!" त्यांची रोजची हाक कपडे तयार झाल्याची असते. ही तशी नव्हती. लाटणं हातात तसंच घेऊन मी फाटकापर्यंत गेले.

डिसेंबर 2022ची गोष्ट. आम्ही नाशिकला पंचवटीत, दिंडोरी रोडच्या आतल्या बाजूला राहतो. आमच्या घराच्या पूर्वेला, गल्लीच्या तोंडाशी, एक कडुनिंब आहे. 1988 साली, इथले निम्मे प्लॉट मोकळे होते तेव्हा, माझ्या सासऱ्यांनी आणि समोरच्या काकांनी मिळून तो लावला. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो माझ्या मनगटाएवढा होता. आता घेर सहा फूट, उंची चाळीसच्या आसपास. त्याच्याखाली मामांचं टेबल. अठरा वर्षं झाली त्यांना तिथे. सकाळी आठला कोळसा पेटतो, संध्याकाळी सातला विझतो.

सालीचा एक पट्टा जमिनीपासून माझ्या कमरेपर्यंत सोलून खाली लोंबत होता. आतली साल तांबूस, आणि तिच्याखालचं लाकूड फिकट, ओलं. मी बोट लावलं तर नुकत्याच सोललेल्या उसासारखं गार आणि जरासं चिकट लागलं. चरात डोकावले. तिथे तीन मुळं तुटली होती. एक माझ्या हाताएवढं जाड. कापलं असतं तर टोक साफ असतं; हे ओढून तोडलेलं होतं, टोकाला जुन्या केरसुणीसारखं फिसकटलेलं. मातीला कडवट वास येत होता.

आता जे लिहायचं आहे ते आधीच लिहून टाकते. गल्लीतली ड्रेनेजची लाइन सारखी तुंबायची म्हणून आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढून नवी टाकायला घेतली होती. चर आमच्या कुंपणाला लागून जायचा होता. कुंपणाची भिंत आम्ही त्याच वर्षी नवी बांधली होती. तिचा पाया हलू नये म्हणून चर झाडाकडे सरकवा, असं मीच सांगितलं. ठेकेदाराने विचारलंही, "झाडाचं काय?" मी म्हटलं, "चार फूट लांब आहे की झाडापासून." चार फूट मला पुष्कळ वाटले होते.

झाड जेवढं वर असतं तेवढंच खाली असतं, असं मी लहानपणापासून ऐकत आले. मोठ्या झाडांचं तसं नसतं. बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांत असतात आणि आडवी पसरून फांद्यांच्या घेरापलीकडे जातात. आमच्याकडे तर वर दीड फूट काळी माती आणि खाली मुरूम, त्यामुळे खोल जायला वाव आणखी कमी. हंडा चुंबळीवर बसतो तसं झाड त्या पसरट मुळांवर बसलेलं असतं. जाणकार लोक बुंध्याच्या व्यासावरून हिशेब करतात. व्यासाच्या बारा पट अंतरापर्यंत शक्यतो खोदूच नये, आणि तीन पटीच्या आत मुळं तोडली तर झाडाच्या उभं राहण्यालाच धोका येतो. आमच्या लिंबाचा व्यास 58 सेंटीमीटर. तीन पट म्हणजे पावणेसहा फूट. माझे चार फूट.

त्या संध्याकाळी गल्लीतल्या आठ-दहा जणांनी झाडाभोवती उभं राहून आपापलं मत सांगितलं. कोणी म्हणालं तोडून टाका, उद्या गाडीवर पडलं तर भरपाई कोण देणार. कोणी म्हणालं खाचेत सिमेंट भरून घ्या, आमच्या गावच्या चिंचेला भरलं होतं. समोरच्या काकू म्हणाल्या, लिंब आहे, देवीचं झाड, त्याला हात लावायचा नाही. ठेकेदार म्हणाला, "फुकट तोडून देतो, लाकूड तेवढं माझं." मी गप्प होते. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: मुळं आमच्या घराच्या बाजूची तुटली, म्हणजे झाड आमच्या घरावर पडणार. पूर्वेच्या खोलीत माझ्या सासूबाई झोपतात.

तिसऱ्या दिवशी माझा आत्तेभाऊ मुलीच्या साखरपुड्याचं आमंत्रण घेऊन आला. दादांची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. चहा होईपर्यंत ते झाडापाशी जाऊन उकिडवे बसले, खिशातून कलमाचा चाकू काढला आणि सालीच्या फाटक्या कडा हलक्या हाताने साफ करायला लागले. जी साल लाकडाला घट्ट होती ती ठेवली, जी सुटली होती तेवढीच काढली. काम करता करता ते मला गर्डलिंगबद्दल सांगत होते.

द्राक्षाचा मणी फुगावा म्हणून बागायतदार वेलीच्या खोडाची साल मुद्दाम काढतात, पार गोल, बांगडीसारखी. पानात तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडे जातं. ती वाट काही दिवस तोडली की अन्न वरच थांबतं आणि घडाला मिळतं. पण पट्टी किती रुंद? तीन-चार मिलिमीटर. तेवढी असली तर काही आठवड्यांत दोन्ही कडा जुळतात आणि वाट पुन्हा सुरू होते. पट्टी रुंद झाली किंवा चाकू लाकडात उतरला की वेल बसते. दादा म्हणाले, "माझ्या वेलीची जखम अरुंद, पण पूर्ण गोल. तुझ्या झाडाची रुंद आहे, पण गोल नाही. चारही बाजूंनी वाट बंद झालेली नाही. दोरा आण."

मी गुढीला बांधायचा जाड दोरा आणला. बुंध्याचा घेर 183 सेंटीमीटर भरला आणि जखम सगळ्यात रुंद होती तिथे 35. पाचवा हिस्सासुद्धा नाही. चौथ्या हिश्शापर्यंत साल गेली तर झाड सहसा निभावून नेतं, निम्म्याच्या वर गेली तर फार आशा धरू नये. त्या दोऱ्याला दादांनी 35 सेंटीमीटरवर एक गाठ मारली. "पाडव्याला परत मोज. मग दर पाडव्याला." बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावायलाही ते तयार होते. मोरचूद आणि चुना नाशिकच्या द्राक्षवाल्याच्या घरात हळद-मिठासारखा असतो. मी म्हटलं, आधी कोणाला तरी विचारू.

ज्यांना विचारलं त्या बाई पुण्याहून आल्या, झाडांची तपासणी करणाऱ्या. त्यांच्याकडून आणि नंतरच्या वाचनातून मला जे कळलं त्याने झाडाकडे बघण्याची माझी सवयच बदलली, म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

आपण म्हणतो जखम भरली. आपल्या अंगावर ती खरंच भरते, नवं मांस येतं, खपली पडते. झाडाला ते जमत नाही. तुटलेल्या, उघड्या पडलेल्या लाकडाच्या जागी झाड नवं लाकूड करू शकत नाही. ते त्या भागाभोवती आतून भिंती घालतं आणि सडणं त्या चौकटीत कोंडून ठेवायचा प्रयत्न करतं. अमेरिकेच्या वनखात्यातल्या डॉ. ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडं चेनसॉने उभी चिरून हे पाहिलं आणि 1970च्या दशकात मांडलं. अशा चार भिंती ते सांगतात. वर-खाली जाणारी वाट अडवणारी भिंत सगळ्यात कच्ची, गाभ्याकडची त्याहून बरी, दोन्ही बाजूंची त्याहूनही पक्की. चौथी सगळ्यात बळकट, आणि ती जखम झाल्यानंतर जे नवं लाकूड बाहेरून चढतं त्याच्या आणि जुन्या लाकडाच्या मध्ये उभी राहते. वरून साल जुळली तरी डिसेंबर 2022चं ते उघडं पडलेलं लाकूड आमच्या लिंबाच्या पोटात तो असेपर्यंत राहणार आहे.

खाचेत सिमेंट का भरायचं नाही, हे मला यावरून उमगलं. झाड वाऱ्यात हलतं, सिमेंट हलत नाही. घासून घासून झाडाने आतून घातलेली भिंतच फुटते, आणि फटीत पाणी साचून राहतं. डांबर आणि ऑइलपेंटनेही सडणं थांबत नाही. दादांच्या पेस्टबद्दल त्या म्हणाल्या, पातळ हात द्यायला हरकत नाही, पण तिच्या भरवशावर राहू नका. दादांना ते तितकंसं पटलं नाही. त्यांनी एक हात दिलाच.

मग पोकळ झाडांचं गणित. ढोली दिसली की आपण झाड गेलं असं धरतो. पण वाकण्याला विरोध करण्याचं काम बाहेरचं लाकूड करतं, गाभ्याचा त्यात वाटा थोडा. बुंधा गोल आहे आणि त्याच्या व्यासाच्या निम्मी पोकळी अगदी मधोमध आहे असं धरलं, तर बळ कमी होतं फक्त 6 टक्क्यांच्या आसपास. पोकळी सत्तर टक्के झाली तरी 24 टक्के. त्यापुढे मात्र ते झपाट्याने घसरतं. जर्मनीतले क्लाऊस मॅथेक यांनी जो ठोकताळा दिला तो इथूनच आपल्या ध्यानात येतो: बाहेरच्या निरोगी लाकडाची जाडी त्रिज्येच्या साधारण एकतृतीयांश असेल तर झाड सहसा तग धरतं. हे सगळं बंद नळीला लागू. नळी एका बाजूने फाटली की हिशेब बदलतो, आणि मुळंच तुटली असतील तर बुंध्याचा हिशेब करून फारसा उपयोग नाही. आमचा प्रश्न दुसऱ्या प्रकारचा होता.

तरी त्यांनी लाकडी हातोडीने बुंधा वाजवून पाहिला, आणि नंतर मलाही वाजवायला दिला. माझी आजी भद्रकालीत माठ घेताना बोटाच्या पेरांनी टकटक करायची, कान जवळ नेऊन. अगदी तसंच. ताज्या जखमेपाशी आवाज भरीव होता, आणि तसाच असणार होता, कारण सडायला वर्षं लागतात. पण डोक्याच्या वर तीन फुटांवर उत्तरेकडे एका ठिकाणी आवाज एकदम ढब्ब आला. तिथे पूर्वी कधीतरी विजेच्या तारांखालची फांदी बुंध्याला लावून सपाट छाटलेली होती. वरून साल पूर्ण जुळली होती. इतकी वर्षं मी रोज त्या जागेखालून जात होते. वळी धरलेला तो गोल डाग मला सुंदर वाटायचा, आणि त्याच्या आत मुठीएवढी पोकळी होती.

पण हे सगळं त्यांनी नंतर केलं. आल्या आल्या त्यांनी झाडाकडे पाहिलंच नाही. चटई मागितली, फाटकाच्या सावलीत बसल्या आणि वही काढून विचारलं, "या झाडाखाली कोण कोण असतं आणि किती वेळ?"

मी सांगत गेले. रात्री दोन गाड्या उभ्या असतात. सकाळी सातला शाळेची व्हॅन थांबते, दहा मिनिटं. भाजीवाली साडेनऊला येते, अर्धा तास. येणारे-जाणारे. आमची पूर्वेची खोली. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि मान वर करून टेबलाकडे पाहिलं. मामा शर्टाच्या कॉलरवर पाणी शिंपडत होते.

"आणि हे?"

अकरा तास. आठवड्यातले सहा दिवस. सहासष्ट तास. त्या तीन-चार दिवसांत गल्लीत एवढी चर्चा झाली, गाड्यांची झाली, भिंतीची झाली, माझ्या मनात माझ्या सासूबाईंची झाली. मामांचं नाव कोणाच्या तोंडून निघालं नव्हतं. माझ्याही नाही. ते तिथेच, आमच्या बोलण्याच्या मधोमध, इस्त्री फिरवत उभे होते.

बाईंचं म्हणणं असं की झाड धोक्याचं आहे का, हा प्रश्न अर्धा असतो. माळावरचं वाळलेलं झाड पडलं तर पडलं. थोडं अधू झालेलं झाड जिथे दिवसभर माणूस उभा असतो तिथे वेगळं. झाड, पडण्याची शक्यता आणि खालचं माणूस, या तिन्हींचा हिशेब एकत्र मांडायचा. त्यातलं झाड आपल्याला फारसं बदलता येत नाही. बाकीच्या दोन्हींत काही करता येतं.

मग त्यांनी दिशा विचारली. पावसाळ्यात इथे वारा कुठून येतो? पश्चिमेकडून, म्हणजे आमच्या घरावरून झाडाकडे. त्यांनी वहीत मांडव काढून दाखवला. मांडवाच्या खांबाला दोन्ही बाजूंनी दोर ताणलेले असतात. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूचा दोर खांबाला धरून ठेवतो. तोच कापला तर खांब पडतो दुसरीकडे. आमची मुळं पश्चिमेची तुटली होती. पश्चिमेचा वारा आला तर झाड बहुधा पूर्वेला जाणार, घरापासून दूर.

पूर्वेला मामांचं टेबल होतं. आणि ते तिथे का होतं, तर दुपारनंतरची सावली पूर्वेला पडते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तीन ते सहा या वेळात कोळशाच्या इस्त्रीपाशी उभं राहायचं तर त्या सावलीशिवाय जमत नाही. ज्या पट्ट्यात सावली पडते बरोबर त्याच पट्ट्यात झाड पडलं असतं. माझी भिंत वाचावी म्हणून मी जो चर सरकवला, त्याचा धोका उलट्या बाजूला जाऊन मामांच्या डोक्यावर बसला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी मी मामांना घरात बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि वहीतलं चित्र दाखवून सगळं सांगितलं. भिंतीचंही सांगितलं. ते बराच वेळ चित्र बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, झाड तोडलं तर मी बसू कुठं? आणि पडलं तर खाली मीच ना?" त्यात तक्रार नव्हती. ते मला खरंच विचारत होते.

रविवारी आमच्या गच्चीवर सगळे जमले. मी पुन्हा सगळं मांडलं. झाडं तोडण्याबद्दलचा राज्याचा नागरी भागासाठीचा कायदा 1975चा आहे, तो मी तेव्हा पहिल्यांदा वाचला होता. त्यात झाड पाडणे याची व्याख्या बुंधा तोडण्यापुरती नाही. साल गोल काढणं, फांद्या तोडणं, कोणत्याही रीतीने इजा करणं, सगळं त्यात येतं. म्हणजे परवानगीशिवाय झाड पाडण्याचं काम कायद्याच्या भाषेत आम्ही आधीच करून बसलो होतो. मी ते वाचून दाखवलं तेव्हा गच्चीवर कोणी बोललं नाही. 2021च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून जास्तीचं संरक्षण दिलं. आमचा लिंब त्यात बसत नाही. पण रीतसर तोडायचा तर त्याच्या वयाएवढी रोपं लावावी लागतात. पस्तीस रोपं. कुठे लावणार, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं.

तोडा म्हणणाऱ्यांची भीती खोटी होती असं मला वाटत नाही. पावसाळ्यात झाड पडून माणूस दगावल्याची बातमी आपल्याकडे दरवर्षी येते. काकूंना मी तेही सांगितलं, की देवीचं झाड म्हणून सोडून देणं म्हणजे मामांना देवीच्या भरवशावर सोडणं. तीन तास बोलून आम्ही झाड ठेवायचं ठरवलं, आणि कशाच्या बदल्यात ठेवायचं ते कागदावर लिहिलं.

टेबल पूर्वेकडून हलवून उत्तरेला, बुंध्यापासून लांब. दुपारच्या उन्हाला दादांनी हिरवं शेडनेट आणून चार बांबूंवर ताणून दिलं. पावसाळ्याचे चार महिने आणि अवकाळीचे दिवस मामा आमच्या पोर्चमध्ये. वारा सुटला की झाडाच्या आसपास कोणी थांबायचं नाही. रात्रीच्या गाड्या दुसरीकडे. व्हॅन कोपऱ्यावर थांबते. सासूबाईंचा पलंग जूनमध्ये आतल्या खोलीत हलतो, कारण वळिवाचा वारा कुठूनही येतो. पोर्चमध्ये कोळशाचा धूर होतो, भिंत काळी झाली आहे. ती मी पुसत नाही.

छाटणीवरून दादा आणि बाई यांच्यात फोनवर चांगलीच जुंपली. दादांचं म्हणणं, मुळं गेली तर वरचा बोजा निम्मा करा, आम्ही एप्रिलला वेल पार खरडतो, तरी ती फुटते की. बाईंनी सांगितलं, वेल शतकानुशतकं छाटून घ्यायला सरावलेली आहे आणि तिला मांडवाचा आधार आहे. या झाडाला नवी मुळं करायची आहेत, त्याचं अन्न पानांतूनच येणार. शेंडा उडवला तर झुपक्याने धुमारे फुटतात. ते लाकडात खोलवर रुजलेले नसतात, पाच-सहा वर्षांत जड होऊन तेच मोडून पडतात. परवानगी काढून आम्ही पाचव्या हिश्शाहून कमी पालवी काढली, उंची चार-पाच फुटांनी उतरवली आणि पूर्वेकडच्या लांब फांद्यांची टोकं आत घेतली. बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक उखडले. दिल्लीतल्या झाडांसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 साली बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. आम्ही दोन मीटर मोकळी केली आणि पालापाचोळा पसरला.

2023चा ऑगस्ट कोरडा गेला. लिंबाने अवेळी पानं टाकली. रोज संध्याकाळी गल्लीतली मुलं बादल्या भरभरून फांद्यांच्या कडेखाली पाणी घालत होती, कारण पाणी पिणारी मुळं तिथे असतात, बुंध्यापाशी नाही. मे 2025च्या अवकाळीत एका संध्याकाळी वादळ आलं तेव्हा मी आणि मामा पोर्चमध्ये उभे राहून झाडाकडे बघत होतो. खरं तर जमिनीकडे बघत होतो. चराच्या बाजूची माती फुगते का, तिला भेग पडते का, हे बघायला बाईंनी सांगून ठेवलं होतं. वीस मिनिटं मामांनी माझ्याकडे मान वळवली नाही. माती हलली नाही. त्याच वादळात पलीकडच्या रस्त्यावरचा गुलमोहर आडवा झाला, वरून हिरवागार, फुलांनी लगडलेला. त्याच्या बुंध्याला चारही बाजूंनी काँक्रीट भिडलेलं होतं. नशिबाने खाली कोणी नव्हतं.

गेल्या वर्षाच्या शेवटी तपोवनातली झाडं कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तोडायची की नाही यावरून नाशिक ढवळून निघालं. एका रविवारी मीही तिथे जाऊन आले. एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, तुम्ही तर तुमच्या गल्लीतलं अधू झाडसुद्धा तोडू दिलं नाहीत. मला ते तसं मांडलेलं आवडलं नाही. तपोवनातल्या झाडांना कसलीही इजा नव्हती, त्यांचा प्रश्न जागेचा होता. आमच्या कागदावर तर तोडण्याची अटही लिहिलेली आहे.

ती अट शेवटची आहे आणि मामांनी स्वतः सांगून लिहवून घेतली. गेल्या श्रावणात चराच्या बाजूने, बुंध्यापासून हातभर अंतरावर, तपकिरी अळंबी उगवली. मामांनीच आधी पाहिली. बाई पुन्हा आल्या, माती उकरली, तर ती तुटलेल्या मुळाच्या मेलेल्या टोकावर वाढलेली होती. तसं होणारच होतं. प्रश्न हा होता की सड मुळावरून बुंध्यापर्यंत चढली आहे का. बारीक सुई आत घालून लाकडाचा विरोध मोजणारं यंत्र त्यांनी तीन ठिकाणी लावलं. बुंध्याच्या पायथ्याशी लाकूड घट्ट निघालं. परत तपासायचं 2027 साली. तेव्हा निरोगी लाकूड एकतृतीयांशाखाली उतरलेलं असेल, किंवा त्याआधी कधीही वाऱ्यात माती उचललेली दिसली, तर झाड काढायचं. कोणाला विचारत बसायचं नाही. मामांनी त्या कागदावर सही केली तेव्हा मी विचारलं, "आणि तुम्ही?" ते म्हणाले, "पोर्च आहे की."

यंदाच्या पाडव्याला सकाळी गुढी उभारून झाल्यावर मी दोरा घेऊन बाहेर गेले. मामा वाट बघत होते. ते दोऱ्याचं एक टोक जखमेच्या डाव्या कडेवर धरतात, मी उजवीकडे ताणते. कडा आता ओठांसारख्या जाड आणि गोल झाल्या आहेत, अंगठा दाबला तर टणक. 2023ला 35. मग साडेबत्तीस. मग 29. यंदा 26. मधलं लाकूड राखाडी पडलं आहे, त्याला उभ्या बारीक चिरा गेल्या आहेत आणि एका चिरेत मुंग्यांची रांग होती. मामांनी चौथी गाठ मारली, दोरा गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवला. फुलोरा गळत होता, इस्त्रीच्या चादरीवर त्याची पांढरी चुरी पडली होती. ती झटकून ते कामाला लागले.

साडेतीनला मी कपडे द्यायला पुन्हा गेले तेव्हा सावली पूर्वेला सरकली होती. जुन्या जागी टेबलाच्या चार पायांचे खळगे अजून आहेत. मामा शेडनेटखाली घाम पुसत होते. रस्त्याने आलेला एक कुरिअरवाला मुलगा गाडी लावून त्या गार पट्ट्यात उभा राहिला आणि पाण्याची बाटली उघडली. मामांनी इस्त्री उभी केली, त्याच्याकडे गेले आणि त्याला हाताला धरून पोर्चकडे घेऊन आले.